बिरड्याचा रोजा
(शास्त्रपाठ : २ राजे २५:८-१०, जखऱ्या ७:१-७, लूक १९:४१-४४)

जखऱ्याच्या ७ व्या अध्यायात लोक विचारतात की, पाचव्या महिन्यात आम्ही रडावे काय? नार्नूर येथील वर्गात हा पाठ चालू असता, हे रडणे कशाचे, असा प्रश्न निघाला. त्याचे उत्तर मराठी घरांतच सापडते.

कोकणातील बेने इस्राएल लोक मराठी बोलत. तेलाचे घाणे चालवीत व शब्बाथ पाळीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशी गेले. अब महिन्याच्या नवमीच्या उपवासाला ते 'बिरड्याचा रोजा' म्हणत. ख्रि. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने व इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर जाळले, त्याचे हे सुतक. या दिवसांत घरात मांस शिजत नसे. सोललेल्या वालाचे बिरडे होई.

यहूदी रीतीप्रमाणे आदल्या नऊ दिवसांत मांस व द्राक्षारस वर्ज्य, कपडे धुणे बंद. सूर्यास्तापूर्वीचे शेवटचे जेवण जमिनीवर बसून, भाकर व उकडलेले अंडे एवढेच. काहीजण भाकरीला राख लावतात. मग चामडी जोडा नाही, स्नान नाही, नमस्कारही नाही. मंद दिव्यात विलापगीत वाचतात. घरात माणूस वारले म्हणजे जे करावयाचे, बहुतेक तेच. सुतकाच्या घरी मसूर खातात. मसुराला तोंड नसते, तसे शोक करणाऱ्यालाही नसते, असे रब्बी सांगत. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले (ईयोब २:१३), तोवर ते बरे मित्र होते! आपण मात्र सांत्वनाला जाऊन पहिल्या घटकेतच उपदेश सुरू करतो.

आणखी एक कबूल केले पाहिजे. मंदिराचा नाश ही यहूद्यांना मिळालेली शिक्षा, असे आम्ही उपदेशातून मोठ्या आवाजात सांगितले आहे, आणि ते सांगताना आमचे डोळे कोरडे होते. प्रभूने तोच नाश पुढे पाहिला व तो नगरासाठी रडला.

शब्बाथशाळेतील शिक्षकांनी हा पाठ घेताना मूठभर वाल न्यावेत. शुक्रवारी सकाळी भिजत घालावेत, रात्री फडक्यात बांधावेत; रविवारी मोड आलेले असतील. कोमट पाण्यात टाकून मुलांकडून सोलून घ्यावेत, आणि सोलता सोलता विलापगीताचा पहिला अध्याय वाचावा.