कामगंध सापळ्यांच्या नोंदी : पाच नावे नव्हे, एकच सारणी

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावले जातात. सलग ३ रात्री प्रति सापळा सरासरी ८ ते १० पतंग आढळल्यास आर्थिक नुकसान पातळी गाठली गेली, असे समजून उपाययोजना करावी लागते.

मॅटलॅब किंवा विनामूल्य ऑक्टेव्ह या गणनभाषांत नोंदींसाठी सापळा१, सापळा२ अशी स्वतंत्र चले केली जातात. (संगणकावर ही नावे रोमन लिपीत लिहावीत.) नावातील अंक हा नावाचाच भाग असल्याने ‘फॉर’ आवर्तनाला तो मोजता येत नाही. मग प्रत्येक सापळ्यासाठी तीच आज्ञा पुन्हा लिहावी लागते. एखादा सापळा निसटला तरी संगणक सूचना देत नाही. ‘इव्हॅल’ आज्ञेने नावे जुळवता येतात, परंतु चूक शोधणे अवघड होते.

त्याऐवजी ‘पतंग’ ही एकच सारणी करावी : ओळ म्हणजे सापळा, स्तंभ म्हणजे रात्र. पतंग(३,२) म्हणजे तिसऱ्या सापळ्यातील दुसऱ्या रात्रीचे पतंग. आवर्तन १ पासून शेवटच्या स्तंभापर्यंत चालवून प्रत्येक रात्रीची सरासरी काढावी.

न पाहिलेल्या सापळ्यापुढे शून्य न लिहिता ‘नॅन’ लिहावे आणि सरासरीतून ती नोंद वगळावी. समजा, चार सापळ्यांत ९, १०, ८ व ९ पतंग सापडले आणि पाचवा पाहिलाच नाही. शून्य धरल्यास सरासरी ७.२ येते, वगळल्यास ९. एका चुकीच्या शून्यामुळे फवारणीचा निर्णय लांबू शकतो.