पैशाने सुख मिळते का?



लग्नसराई जवळ आली की आपल्या घराघरांत पैशाच्या गोष्टी सुरू होतात. मंडप केवढा, बँड कुठला, पाने किती, आणि शेवटी हळू आवाजात, कर्ज किती. अशाच दिवसांत एका लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला (१२:१३-२१) वाचण्यात आला. वाचन संपल्यावर आपण नेहमी म्हणतो तेच सगळ्यांनी म्हटले, की पैशाने सुख मिळत नाही. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ज्याच्या घरी मुलाची फी भरायची राहिली आहे, त्याला हे सांगून बघा." थोडा वेळ कोणीच बोलले नाही. या आठवड्याचा पाठ आम्ही मावशींच्या त्या वाक्यावरून घेत आहोत.

या प्रश्नाचा अभ्यास अनेक विद्वानांनी केला आहे. १९७४ साली रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने एक कोडे मांडले. एकाच वेळी पाहिले तर श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक सुखी असल्याचे सांगतात. पण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील लोकांचे उत्पन्न पुष्कळ वाढूनही त्यांचे सरासरी सुख तेवढे वाढलेले दिसले नाही. याचे एक कारण आपल्याला ठाऊक आहे. शेजाऱ्याने स्लॅबचे घर बांधले की कालपर्यंत गोड वाटणारे आपले कौलारू घर आज डोळ्यांना खुपू लागते. घर तेच असते.

पुढे २०१० साली डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतील साडेचार लाखांहून अधिक उत्तरे तपासली. वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरपर्यंत रोजची मनःस्थिती सुधारत जाते, त्यापुढे नाही, असे त्यांना दिसले. हा आकडा जगभर गाजला. (कित्येक प्रवचनांतही तो आला असेल!) परंतु २०२१ साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी तेहतीस हजारांवर नोकरदारांना मोबाईलवरून दिवसातून अवेळी विचारून पाहिले, 'आत्ता कसे वाटते?' त्यांना अशी मर्यादा कुठेच आढळली नाही.

येथे आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट घडली. दोघांनी वर्तमानपत्रांतून भांडण केले नाही. बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन दोघे एकत्र बसले आणि २०२३ साली एकच निबंध लिहिला. बहुतेक लोकांचे सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहते. मात्र सर्वांत कमी सुखी अशा सुमारे वीस टक्के लोकांचे दुःख वर्षाला एक लाख डॉलरच्या आसपासपर्यंत कमी होते आणि मग थांबते. गरिबीचे दुःख पैशाने हलके होते. त्यानंतर जे उरते, म्हणजे जिवलगाचा मृत्यू, तुटलेले मन, नैराश्याचा आजार, त्यावर पैशाचा उपाय चालत नाही, असा त्यांचा कयास आहे. हा अभ्यास अमेरिकेतील आहे, ते आकडे रुपयांत करून आपल्या आळीला लावू नयेत. पण दफनभूमीतून परतणाऱ्या माणसाला हा कयास कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणजे मावशींचे म्हणणे खरे होते. आपल्या वाडवडिलांनाही ते कळले होते. १९१८ साली वसईत कॅथलिक सहकारी पतपेढी उभी राहिली, तिचीच पुढे बँक झाली. सावकाराचे व्याज डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याला 'पैशात सुख नाही' एवढे सांगून ते लोक घरी गेले नाहीत.

या अभ्यासातील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुखाचा हिशोब रुपयांच्या बेरजेने होत नाही, पटीने होतो. महिना वीस हजार मिळवणाऱ्याला आणखी वीस हजार मिळाले, तर त्याच्या सुखात जेवढी भर पडते, साधारण तेवढी भर पडायला दोन लाख मिळवणाऱ्याला आणखी दोन लाख लागतात. आता हा हिशोब उलटा करून पाहा. ज्याच्या घरात पुष्कळ आहे त्याच्या हातून गेलेले वीस हजार त्याला फारसे जाणवत नाहीत. ज्याच्या घरी ते पोहोचतात तेथे वर्षाची फी भरली जाते.

देणाऱ्याचे काय? २००८ साली कॅनडात एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानसा प्रयोग केला. काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करायचे होते, तर काहींनी दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदी होते. पाच की वीस, याने फरक पडला नाही. प्रयोगात पन्नासही माणसे नव्हती, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. तरी जक्कयाची गोष्ट (लूक १९:१-१०) आठवल्याशिवाय राहत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणणाऱ्या त्या माणसाच्या घरी त्या दिवशी मेजवानी होती, आणि सगळे काही राखून ठेवणारा श्रीमंत मनुष्य (मार्क १०:१७-२२) खिन्न होऊन निघून गेला.

आता त्या शेतकऱ्याच्या दाखल्याकडे परत येऊ. तो पुन्हा वाचताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्या माणसाने चोरी केलेली नाही, कोणाला लुबाडलेले नाही, पीक चांगले आले आहे इतकेच. पण संपूर्ण दाखल्यात तो फक्त स्वतःशीच बोलतो. बायको, मुले, गडी, शेजारी, कोणाचाही उल्लेख नाही. कोठारे मोठी करायचा बेतही तो एकटाच करतो.

येत्या बैठकीत पुढील प्रश्नांवर बोलावे. घरातील शेवटचे कर्ज कशासाठी काढले होते, आणि ते आपल्याला हवे होते म्हणून की लोक काय म्हणतील म्हणून? वाडी किंवा जमीन विकून आलेला पैसा घरात आल्यावर भावाभावांतले बोलणे वाढले की कमी झाले? आपल्या समूहात या जूनमध्ये कोणाची फी भरायची राहणार आहे, हे आपल्याला माहीत आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बैठकीत नाव घेऊन देऊ नये. ते समूहप्रमुखांना किंवा फादरांना खासगीत सांगावे.