पाल्यावर आळ कशाला?

प्रश्न : आमच्या घरामागे मोठा करंज आहे, इथले लोक त्याला होंगे म्हणतात. मुनिया याव्यात म्हणून त्याच्याखाली दिवाळीनंतर राळा आणि बाजरी पेरली. ताटे लांबुडकी, फिकी झाली, दाणा भरलाच नाही. फेब्रुवारीत वरून पाल्याचा थर बसला. ओकच्या पाल्याने माती आंबट होते असे वाचले आहे. करंजाचेही तसेच का? पाला जाळावा की फांद्या उतरवाव्यात?
— एक वाचक, चामराजपेट, बंगळूर

उत्तर : दोन्ही नको. ताटे लांबुडकी झाली, यातच उत्तर आले. उजेड कमी पडला की रोप असेच उंच आणि किडकिडीत वाढते. राळा-बाजरीला लख्ख ऊन हवे आणि करंजाची सावली दाट. पाला पडला तो नंतर, पिकाचे जे व्हायचे ते होऊन गेल्यावर.

ओकचे म्हणाल, तर त्याची ताजी पाने थोडी आम्लधर्मी असतात खरी, पण कुजता कुजता तो गुण बराच ओसरतो. उत्तराखंडात बायका बांज ओकचा पाला गोठ्यात अंथरतात आणि तोच पुढे शेणखत होऊन शेतात जातो. करंज तर शेंगवर्गातला, त्याच्या पाल्यात नत्र भरपूर. कोकणात भाताच्या खाचरात करंजाचा पाला मुद्दाम गाडतात. तुमच्या दारात तो फुकट पडतो आणि तुम्ही काडेपेटी शोधताय!

पाल्याचा दोष एकच. राळ्याचे बी बारीक, जाड थराखालून त्याचा कोंब वर येत नाही. म्हणून वाफा तेवढा झाडून घ्या, झाडाखालचा पाला मात्र राहू द्या. तिथला थर हाताने उकरून पाहा : वर कोरडी पाने, खाली नुसत्या शिरांची जाळी, बुरशीचे पांढरे धागे आणि किडे. दयाळ आणि सातभाई त्यासाठीच पाला उलथतात. दाणे न खाणाऱ्या पाखरांचे ताट तेच. जास्तीचा पाला कोपऱ्यात रचून ओलसर ठेवा, वर्षभरात काळी, भुसभुशीत माती मिळेल.

चामराजपेट १८९२ मध्ये आखलेली वस्ती. जुन्या घरांमागे अजून अशी झाडे आहेत, ती राखा. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, तेव्हा कुऱ्हाडीला हात लावण्याआधी त्यांच्याकडे चौकशी करा. पाला जाळणे तर धुरामुळेही शेजाऱ्यांना जाच.

यंदा वाफा झाडापासून लांब, दिवसभर ऊन येते तिथे हलवा. तशी जागा नसेल तर गच्चीवर कुंड्या चालतील. पेरणी जूनमध्ये करा, तोवर पानगळ संपलेली असते. कणसे कापू नका, ताटावरच वाळू द्या. जमिनीवर दाणे टाकलेत, तर मुनियांआधी कबुतरे आणि रात्री उंदीर हजर होतील.