दलालाचा दलाल नको : इंटरनेटवरील दलाली आणि मालकाशी थेट व्यवहार

दलाली हा शब्द आपल्याला नवा नाही. इचलकरंजीच्या मागावर विणलेले कापड कराडमार्गे आमच्या कोयनानगरच्या दुकानात येईपर्यंत त्यात दोन-तीन माणसांचा हिस्सा पडतो. कापड दलाल ओळख करून देतो, एतबार सांभाळतो, वसुलीत मदत करतो. त्याची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. परंतु दलालाच्या पाठीमागे दुसरा दलाल व त्याच्या पाठीमागे तिसरा उभा राहिला, की मालकाला गिऱ्हाईक दिसत नाही आणि गिऱ्हाईक आणणाऱ्याच्या हाती चुरा उरतो. हाच प्रकार आज इंटरनेटवर घडत आहे. आपली मुले मोबाईलवर हा धंदा करू पाहतात, म्हणून त्याची रीत समजून घेऊ.

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे काय?

कोयनेचे धरण पाहायला पर्यटक येतात. समजा, एखादा जीपवाला त्यांना एका दुकानावर घेऊन गेला व विक्रीवर दुकानदाराने त्याला ठरलेले पैसे दिले. इंटरनेटवर जीपवाल्याच्या जागी लिंक देणारा असतो. त्याच्या लिंकवरून गिऱ्हाईक आले, की मोबाईलमध्ये एक खूण राहते. ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली तर दलाली त्याच्या नावे जमा होते. विक्री नाही तर दलाली नाही. अ‍ॅमेझॉनने 1996 मध्ये आपल्याकडे ही पद्धत लागू केली व पुढे ती जगभर पसरली.

आता शंभर दुकानदार आणि हजार जीपवाले असतील, तर प्रत्येकाचा प्रत्येकाशी हिशेब कसा ठेवायचा? त्यासाठी मध्ये थांब्याचा मुकादम लागतो. या मुकादमालाच नेटवर्क म्हणतात. अमेरिकेत लिंकशेअर 1996 मध्ये व कमिशन जंक्शन 1998 मध्ये याच कामासाठी निघाल्या. आपल्याकडे कॅशकरो ही कंपनी 2013 मध्ये सुरू झाली. ती मिळालेल्या दलालीतला काही भाग गिऱ्हाइकालाच परत देते.

साखळी लांबली की काय होते?

उदाहरणादाखल हिशेब करू. 1000 रुपयांच्या साडीवर मालक 10 टक्के, म्हणजे 100 रुपये दलाली देतो. मधला एकच असेल आणि तो 20 टक्के ठेवत असेल, तर लिंक देणाऱ्याला 80 रुपये मिळतात. तोच व्यवहार अशा तीन नेटवर्कांतून गेला तर 100 चे 80, 80 चे 64 आणि 64 चे 51 रुपये 20 पैसे होतात. काम तेवढेच, हाती मात्र मालकाने दिलेल्या दलालीच्या जवळजवळ निम्मेच.

पैशाहून मोठे नुकसान माहितीचे आहे. ऑर्डर का नाकारली, माल परत आला की गिऱ्हाइकाने घेतलाच नाही, हे फक्त मालकाला ठाऊक असते. ते तीन हातांतून फिरून येईपर्यंत महिना उलटतो. शिवाय मधल्या एकाने पैसे अडवले, की खालचे सगळे अडकतात. म्हणून शहाणे नेटवर्क जाहिरातदाराशी, म्हणजे माल विकणाऱ्या मालकाशी, थेट खाते उघडण्याचा प्रयत्न करते.

थेट नाते कसे जोडतात?

1) आधी विक्री, मग बोलणी. नवे नेटवर्क प्रथम मोठ्या नेटवर्कच्या हाताखाली काम करते. कोणाचा माल आपल्या माणसांकडून चांगला खपतो ते पाहते. मग ऑर्डरींचा आणि परत आलेल्या मालाचा खरा तपशील घेऊन मालकाच्या दारी जाते. ज्याच्या वहीत विक्री आहे त्याचे बोलणे ऐकले जाते. मात्र वरच्या नेटवर्कशी केलेल्या करारात थेट जाण्यास मनाई असेल, तर ती पाळावी लागते.

2) नमुन्याचा सौदा. एक महिना, एकच प्रकारचा माल आणि ठरावीक रकमेची मर्यादा. आपणही नव्या पेढीकडून आधी दोन ताके घेतो, गठ्ठा नंतर उचलतो.

3) लेखी करार. दलालीचा दर, कोणती ऑर्डर मोजायची, माल परत करण्याची मुदत, पैसे किती दिवसांत, आणि कोणते मार्ग बंद, हे सर्व कागदावर येते. मालकाचेच नाव शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला मध्येच गाठून दलाली लावणे व खोटी सवलत दाखवणे हे मार्ग बहुधा बंद असतात.

4) मोजणीची परीक्षा. काम सुरू होण्यापूर्वी एक-दोन ऑर्डरी स्वतः करून दोन्हीकडच्या वह्या जुळतात का ते पाहतात.

5) पारदर्शक व्यवहार. लिंक कोण देतो व कोठे देतो, हे मालकापासून लपवत नाहीत. घरपोच पैसे देण्याच्या पद्धतीत खोट्या ऑर्डरींचा धोका मोठा. अशा ऑर्डरी नेटवर्कने स्वतः शोधून मालकाला कळवल्या, तर एतबार बसतो. पुढे दर वाढवून मागायला तोंड राहते.

हे नाते सांभाळावेही लागते. गूगलने आपले अ‍ॅफिलिएट नेटवर्क 2013 मध्ये बंद केले. एवढी मोठी पेढी उठू शकते, तर लहानांचे काय! ज्याची मालकाशी ओळख आहे तो दुसऱ्या मार्गाने काम चालू ठेवू शकतो. ज्याची नाही, त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

आपण काय करावे?

मुलगा किंवा मुलगी एखाद्या नेटवर्कमध्ये जात असेल तर चार प्रश्न विचारा. या मालकाशी तुमचे खाते थेट आहे का? मालकाकडून पैसे आले नाहीत तर आमचे काय? ऑर्डर पक्की व्हायला किती दिवस? नाकारलेल्या ऑर्डरीचे कारण कळेल का? उत्तर गोलमोल आले तर दुसरे दार पाहा. काम देण्यापूर्वीच प्रवेश फी मागणाऱ्यापासून दूर राहा. जाहिरात ही जाहिरात म्हणून सांगा. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने 2021 मध्ये तसे नियम केले आहेत. दलालीवर कापलेला टीडीएस आपल्या नावे जमा झाला की नाही, तेही तपासा.

आणि आपला स्वतःचा माल असेल तर आपणच जाहरातदार आहोत. विणकर असो की बांगडीवाला, लहान धंद्याला सुरुवातीला नेटवर्कची गरजही नाही. विश्वासाची दहा माणसे निवडा. प्रत्येकाला सवलतीचा वेगळा कोड द्या. कोणत्या कोडवर किती विक्री झाली ते साध्या वहीत लिहा, माल परत येण्याची मुदत संपली की ठरलेल्या तारखेला पैसे चुकते करा. कामे वाढून हिशेब हाताबाहेर जाऊ लागला, तर मग मधला माणूस जरूर घ्या, पण एकच. आणि आपला माल कोण विकतो, हे विचारण्याचा हक्क करारात आपल्याकडे ठेवा.