दही, कॅप्सूल आणि आतड्याची सूज

आतड्याला दीर्घकाळ सूज येण्याचे मुख्य विकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्स डिसीज पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. पहिला मला सहा वर्षांपासून आहे. त्यामुळे "गोळ्या सोड, रोज ताक पी" हा सल्ला इथल्या मित्रांकडून आणि पुण्याहून मावशीकडून भरपूर ऐकला आहे. मी डॉक्टर नव्हे, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण वाचून आणि माझ्या डॉक्टरांना विचारून जे समजले ते सांगतो.

पुरेशा प्रमाणात घेतल्यास शरीराला उपयोगी पडणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. मात्र एकाच जातीच्या दोन वाणांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ई. कोलायचे काही वाण विषबाधा करतात. उलट १९१७ साली जर्मनीत डॉ. आल्फ्रेड निसले यांनी, जुलाबाच्या साथीतही ठणठणीत राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून याच जातीचा उपकारक वाण मिळवला. कोलायटिस शांत झालेल्या ३२७ रुग्णांवर त्याची वर्षभर चाचणी झाली. २००४ च्या अहवालानुसार, चाचणीचे नियम पुरते पाळणाऱ्यांत हा वाण घेणाऱ्या सुमारे ३६ टक्के आणि मेसालामिन हे नेहमीचे औषध घेणाऱ्या ३४ टक्के रुग्णांचा आजार उलटला. म्हणजे जवळपास बरोबरी!

पण हा गुण त्या एका वाणाचा, सरसकट सगळ्या जिवाणूंचा नव्हे. क्रोन्समध्ये असा फायदा सिद्ध झालेला नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली सांगितले की, या दोन्ही विकारांत प्रोबायोटिक केवळ वैद्यकीय चाचणीचा भाग म्हणून वापरावे.

घरचे दही सोसत असेल तर जरूर खावे; ते अन्न आहे, औषध नव्हे. विरजण बदलले की त्यातले जिवाणूही बदलतात. दुकानातल्या कॅप्सूल इथे पूरक आहार म्हणून विकल्या जातात. विक्रीपूर्वी त्यांचा गुण सिद्ध करावा लागत नाही. दरमहा पैसे घालण्यापूर्वी एवढे ध्यानात असू द्यावे.

तीन गोष्टी सांभाळाव्यात:

१. रक्त पडणे थांबले तरी आत सूज असू शकते. वर्षानुवर्षे राहिलेल्या सुजेने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून बरे वाटले तरी मनाने औषध बंद करू नये.

२. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्यास विचारल्याशिवाय जिवंत जिवाणूंची कॅप्सूल घेऊ नये. क्वचित त्यांचाच संसर्ग होतो.

३. कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर बाटली डॉक्टरांना दाखवून लेबलावरच्या वाणाचे पूर्ण नाव विचारावे.

मावशीचे ताक मी आवडीने पितो. गोळीही वेळेवर घेतो.