मशीन लागलं, पण धार नाही

प्रश्न : वडिलांचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन दोन पावसाळे पडवीत पडून होतं. परवा पाण्याच्या ड्रमात उभं करून दोरी ओढली, तर लगेच लागलं. पण बाजूने येणारी पाण्याची बारीक धार काही दिसली नाही. एवढ्यासाठी खोलायचं, की होडीला लावून बघायचं?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : होडीला लावू नका, आणि ड्रमातही आता चालवू नका. या मशीनला रेडिएटर नसतो. पायातला पंप खालचं पाणी वर ढकलतो, ते सिलिंडरभोवती फिरतं आणि धुराबरोबर खालून निघून जातं. त्यातलंच थोडंसं बाजूच्या भोकातून बाहेर येतं, ती तुमची धार. अगदी जुन्या काही मॉडेलांना ती नसते. तुमच्या मशीनला होती, म्हणजे कुठेतरी अडलंय.

आधी फुकटातलं बघू. ड्रमातलं पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपेक्षा वर होतं ना? नसेल तर पंपाने हवाच ओढली. मग त्या भोकात पातळ तार घाला. मीठ, चिखल, क्वचित कुंभारणीचं मातीचं घरटंही निघतं.

तरीही धार नाही? मग इम्पेलर. पंपातलं हे रबरी चक्र. त्याच्या पाकळ्या कायम वाकलेल्या स्थितीत दाबून बसवलेल्या असतात. दोन वर्षं एका जागी राहिल्या की त्या तशाच वाकड्या राहतात, रबर कडक होतं. मशीन कोरडं फिरवलं तर काही सेकंदांतच पाकळ्या जळू लागतात. चक्र स्वस्त असतं, तेव्हा जुनं घासूनपुसून पुन्हा बसवण्याची काटकसर नको. एखादी पाकळी तुटलेली दिसली तर तिचा तुकडा शोधाच. तो वर नळीत अडकला असेल, तर नवा पंप लावूनही धार यायची नाही.

पंपापर्यंत पोचायला पाय उतरवावा लागतो, आणि तिथे खरा घाम पंप नव्हे, पायाचे बोल्ट काढतात. ॲल्युमिनियमच्या पायात स्टीलचे बोल्ट, वर खारं पाणी. दोन धातू एकमेकांना धरून बसतात. पाना लावून जोर केला की डोकं तुटतं, आणि मग ड्रिल मारण्याची मजुरी इम्पेलरच्या कितीतरी पट. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री सोडा, सकाळी थोडी आच द्या (पेट्रोलची टाकी लांब ठेवून), आणि बोल्ट थोडा पुढे, थोडा मागे करत काढा. परत बसवताना मरीन ग्रीस लावा.

नवं चक्र बसवताना त्याची छोटी चावी खाचेत बसली का बघा, आणि पंपाचं झाकण खाली दाबताना शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात.

पाय उतरवण्याआधी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरासा सैल करा. तेल दुधाळ आलं तर सील गेलेलं आहे. मग तेही याच खेपेला बदलून घ्या.