गंधाने जुळणारे नाते
हावडा जिल्ह्यातील खेड्यांत पाळली जाणारी काळी बंगाल शेळी एका वेताला बहुधा दोन करडे देते. व्याल्याबरोबर ती त्यांना चाटू लागते. त्या तास-दोन तासांत पिल्लांचा गंध तिच्या मनात पक्का ठसतो. करडूही वासाने आणि आवाजाने आईला ओळखू लागते. नंतर परके करडू आचळाला लागले, तर ती त्याला ढुशी देऊन हुसकावते. म्हणून नवजात करडू विनाकारण आईपासून दूर नेऊ नका, लगेच धुऊ नका. ही ओळख जुळली नाही, तर आई पोटच्या पिल्लालाही दूध नाकारते. विचार करा: जन्म दिल्याने आई होता येते, पण माया जडते ती जवळ घेऊन केलेल्या सेवेनेच.